शर्त ताटाची होती

जाऊबाई,

तुमची तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि काल दुपारी शैलाच्या मुलांचं पत्र आलं. तुम्ही गेल्याचं मी तिला फोनवर सांगितलं होतं. समुद्रापलीकडून आधी तिचं रडणं ऐकू आलं आणि मग, जाऊबाई, चक्क हसणं. "आई, मोठ्या आईची पेटी आहे का गं अजून?" एवढंच तिला विचारता आलं आणि लाईन तुटली.

मुलांनी तिथूनच धागा धरला आहे. नीता मोठी, तिनं नीट विचारलंय की मम्मी रडता रडता का हसली. संजयनं खाली आपल्या तिरक्या अक्षरात जोडलंय, "मोठ्या आजीनं मम्मीला गवताच्या पेटीत बसवून कॉलेजात पाठवलं म्हणे. पेटी उडायची का?"

तुम्ही असता तर म्हणाला असतात, "उडाली नाही तं काय! थेट बडोद्याले उतरली."

मी मुलांना उत्तर लिहायला बसले. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, सगळं क्रमानं. माहेर उमरेड, घराणं विणकरांचं, लग्न अमक्या वयात, वैधव्य तमक्या वयात. पानभर लिहिलं आणि वाचून पाहिलं, तर त्यात तुम्ही कुठेच नव्हतात. तो कागद बाजूला ठेवला. (फाडला नाही. मागची बाजू कोरी आहे, आणि तुमच्याजवळ मी वीस वर्षांहून जास्त काढली आहेत.) तेव्हा आता हे तुम्हालाच लिहिते. मुलांना पाठवीन. त्यांची आई वाचून दाखवील, आणि जिथं तुमचं बोलणं येईल तिथं तिची जीभ आपोआप नागपूरची होईल.

आपली शैला तेव्हा इंटर सायन्सला होती. उमरेडला सासऱ्यांच्या घरी सुट्टीत गेली की ती मागाजवळ कमी आणि रंगाच्या हौदाजवळ जास्त असायची. सूत पिवळं बाहेर येतं आणि वाऱ्यावर हिरवं होत होत निळं का होतं, हे तिला कोणी सांगेना. त्यातूनच तिनं ठरवलं की शिकायचं तर रंगांचं रसायन, आणि तिला हवं होतं तसं ते शिक्षण बडोद्याला होतं. म्हणजे वसतिगृह, खाणावळ, जाणं-येणं. घरात पगार एकच, ह्यांचा.

तिनं बडोद्याचं नाव काढलं त्या दिवशी ह्यांनी जेवताना जे सांगितलं ते मुलांनीही ऐकावं, नाहीतर आपले आजोबा मुलींच्या शिक्षणाविरुद्ध होते असं त्यांना वाटेल.

"माझ्या बापानं आम्हाले शिकवलं ते आपलं ताट कमी करून," हे म्हणाले. "मी पाह्यलं ते. मागावर बसलेला माणूस दुपारी फक्त पाणी पिऊन राहे, आणि आम्हाले सांगे का माझं झालं जेवण. माझ्या घरात तसं होणार नाही. पोरीले इथंच शिकवू. पण कोणाचं ताट कमी करून कोणी शिकणार नाही."

ताट सरकवून हे उठले.  शैलानं वरणात भात कालवला आणि तो तसाच ठेवला. मला तिचं रडणं चाललं असतं, तो कालवलेला भात पाहवेना.

मी शिकलेली. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. तेव्हा मी शिकलेल्या बाईसारखी यादी केली. रविवारचं मटण बंद. तूप अर्धं. वर्तमानपत्र बंद. फळं फक्त आजारपणात. दूध एक शेर कमी. दुसऱ्या दिवशी तुम्ही अंगणात तूर निवडत होतात, तिथं बसून मी ती मोठ्या अभिमानानं वाचून दाखवली.

तुम्ही सुपातला खडा बाजूला फेकलात. "हे तं उपासाची यादी झाली वं, विमल."

"मग पैसे वाचणार कसे?"

"पैसा ताटातून कुठं जाते? ताटातलं तं पोटात जाते. पैसा ताटाच्या आजूबाजूनं जाते. तू फक्त ताटाकडेच पाहून राहिली."

मला राग आला होता, आज कबूल करते. चौथीपर्यंत शिकलेल्या जावेनं माझी यादी खोडून काढली होती, आणि तीही सूप खाली न ठेवता. पण त्याच संध्याकाळी तुम्ही ह्यांच्या पानात भाकरी वाढता वाढता विचारलंत, "भाऊजी, शर्त लावता का?"

"कायची?"

"एक वर्ष. तुमच्या ताटात, पोरीच्या ताटात, पाव्हण्याच्या ताटात काही कमी दिसलं, पातळ दिसलं, हलकं दिसलं, तं पोरगी नागपुरात. नाही दिसलं तं पोरगी बडोद्याले."

हे हसले. "आणि पैसा कुठून काढता? कापसाच्या झाडावरून?"

"ते आमचं आम्ही पाहू. तुम्ही फक्त ताट पाहा."

ह्यांचा स्वभाव सरकारी. पुरावा मागणारा. "पाहीन," हे म्हणाले. "बारकाईनं पाहीन."

आणि शैलानं सकाळपासून पहिल्यांदा घास तोंडात घातला.

पेटी तुम्ही दुसऱ्या आठवड्यात केलीत. काटोलकडची संत्री ज्या लाकडी खोक्यांतून इतवारी बाजारात येतात, तसलं एक खोकं फळवाल्याकडून मागून आणलंत, गवतासकट. त्यात आणखी तणस दाबून भरलंत, मधोमध पितळी डबा बसेल एवढा खळगा केलात, वरून जुन्या गोधडीची जाड गादी शिवलीत. मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, माग चालू असला की आमच्या घरी आई-बाप दोघंही बसत, चुलीजवळ कोण बसेल? वरणाला उकळी आणायची आणि गवतात पुरून कामाला लागायचं.

मुलांनो, तुमच्या स्वयंपाकघरात बटण फिरवलं की आग लागते आणि बंद होते. आमच्याकडे कोळशाची शेगडी. ती एकदा भरली की तुमचं काम असो नसो, जळत राहायची. तुरीची डाळ शिजेपर्यंत एक भर संपे, भात-भाजी-भाकरीला दुसरी लागे. डाळ भिजवून, दहा मिनिटं सणसणीत उकळून, घट्ट झाकणाचा डबा पेटीत गेला की शेगडी मोकळी. सकाळी सहाला ठेवलेलं वरण नऊला पळीनं मोडतं. वरण तेच, तूप तेच, कोळसा निम्मा.

हे असं मी आता ऐटीत लिहिते आहे, पण पहिल्या दिवशी डाळ कच्ची राहिली होती, आणि ती माझ्यामुळे. मला कुतूहल. अर्ध्या तासानं गादी उचलून पाहिलं, पुन्हा वीस मिनिटांनी, पुन्हा. तुम्ही नळावरून आलात तेव्हा मी डबा उघडून दाणा बोटानं दाबत होते.

"तू त्याले शिजू देऊन राहिली का त्याची परीक्षा घेऊन राहिली?"

"पाहत होते, होतंय का."

"पाह्यलं म्हणून तं नाही झालं! वाफ का तुझ्या नवऱ्याची नोकर हाये, बोलावली का येईल?"

नऊला पानं घ्यायची होती. शर्त आठ दिवसांतच हरायची वेळ. तुम्ही कपाळावर आठी न आणता ती अर्धी कच्ची डाळ पाट्यावर लोटलीत, आलं-मिरचीबरोबर वाटलीत आणि तव्यावर घातलीत. ह्यांनी तीन धिरडी खाल्ली आणि चौथं मागितलं. "शर्तीच्या भीतीनं सुग्रण झाल्या दोघी," म्हणत ऑफिसला गेले. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत तुम्ही पदर तोंडात धरून उभ्या होतात.

मग आपण शिकलो. म्हणजे मी शिकले, तुम्हाला येतच होतं. संत्र्याची सालं गच्चीवर वाळवायची आणि त्यांनी शेगडी पेटवायची. ती तेलकट असतात, चटकन धरतात, रॉकेल लागतच नाही. टंचाईमुळे परदेशी लाल ज्वारी रेशनला आली होती, त्या दिवसांत रॉकेलची रांग म्हणजे अर्धा दिवस. आपल्याकडे मात्र सकाळी घरभर संत्र्याचा वास. स्वयंपाक झाला की जळते कोळसे झाकणाच्या डब्यात कोंडायचे, ते विझून दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटायचे. पोत्याच्या तळाशी राहिलेली चुरी मातीत मळून गोळे वळायचे आणि उन्हात टाकायचे. डाळ, तिखट, हळद उमरेडकडून हंगामातच, वर्षाचं एकदम. दिव्याचा बल्ब महिन्यातून एकदा फडक्यानं पुसायचा आणि बैठकीच्या भिंतीला आपणच चुना द्यायचा. त्यानंतर तुम्ही मोठा बल्ब काढून लहान लावलात आणि ह्यांनी वर्तमानपत्र वाचताना मान वर करून म्हटलं, "आज लाईट चांगली येऊन राहिली." मी स्वयंपाकघरात पळाले. मला हसू आवरेना.

भाताची पेज मी आजवर मोरीत ओतत आले होते. तुम्ही ती गाळून ह्यांच्या सदऱ्यांना खळ दिलीत, सुताला द्यावी तशी, कुठे गोळा नाही, कुठे डाग नाही. धोब्याचं काम तुम्ही तोडलं नाहीत. इस्त्री त्याचीच ठेवली, फक्त खळ आपली. महिन्याभरानं हे धोब्याला म्हणाले, "आता कुठं तुले कपडे धुता येऊन राहिले!" तो बिचारा तुमच्याकडे पाहत राहिला. तुम्ही त्याला दाराआडून खूण केलीत, हो म्हण.

चादरीचं मात्र मला भय होतं. मधोमध विरलेली चादर तुम्ही उभी फाडलीत, तिच्या धडक्या कडा मध्ये घेऊन जोडल्यात. मी म्हटलं, शिवण पाठीला लागेल, हे ओळखतील. तुम्ही म्हणालात, झोपून पाहा. मी झोपले, कूस बदलली, हातानं चाचपलं. शिवण सापडली नाही. "सात पिढ्या तुटलेला धागा जोडून राहिलो आम्ही," तुम्ही म्हणालात, "एक चादर नाही जोडता येत?" त्या एका वाक्यात तुमचा जेवढा अभिमान मी पाहिला तेवढा नंतर कधी पाहिला नाही. चादरी पुढे सहा वर्षं चालल्या.

सहा महिने झाले तरी ह्यांना काही सापडेना. हे बेचैन झाले. ह्यांना शर्त हरायचं दुःख नव्हतं, पण कुठेतरी कोणीतरी उपाशी राहत असेल अशी शंका ह्यांना खात होती. शैलाला विचारत, "दूध पितेस ना?" मला विचारत, "तू जेवलीस?" शेवटी ह्यांनी परीक्षक बोलावला. सावनेरच्या वन्सं. ह्यांची मोठी बहीण.

मुलांनो, या वन्सं तुम्ही पाहिल्या नाहीत. त्यांचे यजमान कोळशाच्या खाणीवर नोकरीला. घरी कोळशाला तोटा नाही. त्यांच्याकडे दिवसभर शेगडी धगधगत असे, कोणी येवो न येवो. माणसाचं घर बरं चाललंय की नाही हे त्या एकाच गोष्टीवरून ओळखत, चुलीत जाळ किती.

त्या रविवारी सकाळी आल्या. पिशवी ठेवायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावल्या. शेगडी विझलेली. भात झाकून ठेवलेला, भाजी झालेली, आणि कोळसे तुम्ही नुकतेच डब्यात कोंडलेले.

"अगं बाई," वन्सं म्हणाल्या. "अकरा वाजले आणि चूल थंडी?"

"बसा ना, वन्सं," तुम्ही म्हणालात.

त्या बसल्या. कुठे बसल्या? पाट पुढे केलेला होता, पण त्यांचे गुडघे दुखायचे. भिंतीशी गादी घातलेली छान उंच बैठक त्यांना दिसली आणि त्यांनी आपला सगळा भार आपल्या पेटीवर टाकला. खोकं करकरलं.  आत तुरीचं वरण होतं.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही कोथिंबीर निवडत होतात आणि निवडतच राहिलात.

"काही लपवून नका ठेवू माझ्यापासून," वन्सं सुरू झाल्या. "भाऊ म्हणते का सगळं ठीक हाये. मले दिसून राहिलं ना काय ठीक हाये ते. पोरीच्या शिक्षणापायी चूल विझवून बसल्या दोघी. काहून वं विमल, तू तं शिकली-सवरलेली. माणसाले जेवू घालाले लागते का नाही? आता मी आली, माझ्यापुढं काय वाढान? भात आणि मीठ?"

"वाढतो ना," तुम्ही म्हणालात.

"काय वाढान? वरण कुठं हाये?"

तुम्ही कोथिंबिरीची शेवटची काडी खुडलीत. वन्सं जरा हलल्या. पुन्हा हलल्या. गादीवर हात ठेवून म्हणाल्या, "हे बसाले गरम काहून लागून राहिलं वं?"

"तुम्ही वरणावर बसल्या ना, वन्सं," तुम्ही म्हणालात. "उठा म्हणजे वाढतो."

दारात हे उभे होते, ऐकत. शैला त्यांच्या मागे. वन्सं अशा उठल्या जशी खाली मांजर असावी. तुम्ही गादी उचललीत, डबा काढलात, झाकण उघडलंत. वाफेचा लोट आला. पिवळंधमक, पळी घातली की आपण होऊन मोडणारं वरण. तुम्ही डब्यातल्या अजून लाल असलेल्या दोन कोळशांवर पळीत हिंग-जिऱ्याची फोडणी केलीत, ती वर ओतलीत आणि तो चर्र आवाज झाला तेव्हा आधी शैला हसली, मग हे. मग वन्संनी कपाळावर हात मारला. "मी सांगतो सावनेरले जाऊन," त्या म्हणाल्या, "का नागपुरात कोंबडीसारखं बसून वरण उबवते!"

दोनदा वरण मागून घेतलं त्यांनी. जाताना पेटी कशी करायची ते विचारून गेल्या, घरी कोळसा फुकट असून.

ह्यांनी त्या दिवशी मला हळूच विचारलं, "ते वरण रोज असंच करता?"

"सहा महिन्यांपासून."

"मले काही दिसलं नाही."

"दिसण्यासारखं काही कमीच झालं नाही."

ह्यांनी पेटीवरची गादी उचलून आतल्या गवतात हात घातला. मला वाटतं, ह्यांना तेव्हा मागावरचे आपले वडील आठवत असावेत. मग म्हणाले, "तरी बी वर्ष पुरं होऊ द्या." सरकारी माणूस.

वर्ष पुरं झालं. शैला चांगल्या वर्गात पास झाली, बडोद्याचं पत्र आलं. ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि तुमच्यासमोर ठेवलं, जशी काही कचेरीतली फाईल सहीला ठेवावी. "हरलो, वैनी," हे म्हणाले. हरलेला इतका आनंदी माणूस मी दुसरा पाहिला नाही. वर्षभर आपण पोस्टात टाकत आलेले पैसे काढायला हे स्वतः गेले, आणि पोरीला पोचवायलाही.

गाडी दुपारची होती. फलाटावर शैला खिडकीत, तिच्या मांडीवर तुम्ही दिलेला चिवड्याचा डबा. मुलांनो, तुमची मम्मी पेटीत बसून गेली नाही, साध्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसून गेली. पण उडत गेली की नाही विचारलंत, तर हो. मी पाहिलं आहे. गाडी सुटली तेव्हा तिनं हात हलवला नाही, दोन्ही हात जोडले, तुम्हाला.

गाडी दिसेनाशी झाली आणि तुम्ही म्हणालात, "विमल, चहा घेऊ."

मी चमकले. वर्षापासून तुम्ही चहा घेत नव्हतात. पित्त होतं म्हणून सोडला होतात. तुम्ही फलाटावरच्या चहावाल्याकडून एक कप घेतलात, फुंकर न घालता प्यायलात, आणि कप पुढे करून म्हणालात, "अजून दे गा, भाऊ."

"जाऊबाई, पित्त?"

"गेलं."

"कधी गेलं?"

तुम्ही रुळांकडे मान केलीत. "त्याच गाडीनं गेलं."

मी तिथं उभी राहिले आणि मला वर्षभरातल्या सगळ्या संध्याकाळी एकदम दिसल्या. साडेपाचला हे ऑफिसातून येत, मी चहा टाके, आणि नेमक्या त्या वेळी तुम्हाला गच्चीवर कोळशाचे गोळे उलटायला जायचं असे. रोज. गोळे काय रोज उलटावे लागतात? रेशनची साखर, महागलेली चहापत्ती, दूध. लग्न होऊन आल्यापासून तुमची एकच चैन होती आणि ती मी ओळखत होते, दुपारभर तुम्ही त्या कपाची वाट पाहायच्या. ह्यांना दिसलं नाही, वन्संना दिसलं नाही. ते तर बाहेरून पाहत होते. मी तुमच्या खांद्याला खांदा लावून त्याच शेगडीपुढे बसत होते, आणि मलाही दिसलं नाही.

आपलं भांडण तिथं सुरू झालं, ते मागच्या महिन्यापर्यंत चाललं. मी म्हणायची, तुम्ही शर्त मोडलीत. घरात कोणाचं काही कमी होणार नाही, असं ठरलं होतं. तुम्ही एकच उत्तर द्यायच्या, आणि दर वेळी तितक्याच थंडपणानं.

"शर्त ताटाची होती वं. कपाची कुठं होती?"

या उत्तरावर माझं बी. ए. कधीच चाललं नाही.

पण जाऊबाई, आता तुम्ही उलट बोलू शकत नाही, तेव्हा माझीही एक गोष्ट ऐका.

शैला गेल्यावर तुम्ही चहा पुन्हा सुरू कराल असं मला वाटलं होतं. केला नाहीत. फलाटावरचे दोन कप तेवढे. "आता सवय मोडली," म्हणालात. बडोद्याची चार वर्षं पुढे होती, तुमच्या डोक्यात ती शर्त चालूच होती. मी आग्रह केला, चिडले, एकदा रडलेही. तुम्ही हलला नाहीत. मग एका संध्याकाळी माझा अंदाज चुकला, चहा एक कप जास्त झाला आणि मी सहज म्हटलं, "जाऊबाई, हा उरला. मोरीत ओतते."

तुम्ही गच्चीच्या जिन्यावरून परत फिरलात. "ओततेस काहून? पैसे लागले त्याले. आण इकडे."

आणि उभ्या उभ्या प्यायलात.

तेव्हा मला तुमचं झाकण कुठून उघडतं ते सापडलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एक कप जास्त टाकला. तिसऱ्या दिवशीही. थोडं आलं जास्त, दूध जरा घट्ट, तुम्हाला आवडे तसा. "जाऊबाई, उरलाय." "तुले अजून अंदाज नाही वं आला, एवढी शिकली तरी." "काय करू, चुकतंच." "आण." वीस वर्षं, जाऊबाई. वीस वर्षं मी रोज साडेपाचला चुकले. शैलाची पदवी झाली, नोकरी झाली, लग्न झालं, ती साता समुद्रापलीकडे रंगांच्या प्रयोगशाळेत पोचली, घरात गॅस आला, पेटीत तुम्ही दही लावू लागलात, आणि माझा चहाचा अंदाज काही सुधारला नाही. ज्या माणसाला आपल्यासाठी घोटभर काही घेता येत नाही, त्याला वाया जाणारं मात्र टाकवत नाही. तुमच्या ताटात मी कधी काही वाढू शकले नाही. ताटाच्या आजूबाजूनं वाढलं.

तुम्हीच शिकवलं होतंत.

तुम्हाला कळलं होतं का? हे विचारायचं राहून गेलं. कधी कधी कप तोंडाला लावताना तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत असा. आलं जास्त आहे हे तुम्हाला कळत नसेल, असं कसं म्हणू? विणकराच्या लेकीच्या बोटाला सुतातली गाठ कळते. पण तुम्ही काही म्हणाला नाहीत आणि मीही नाही. तुम्ही हरलात की मला जिंकू दिलंत, ते मी ठरवत नाही. मी जिंकले असंच धरून चालते. मला हे बक्षीस हवं आहे.

मुलांनो, पेटी अजून आहे. गवत दोनदा बदललं, खोकं तेच. तुमच्या आईला सांगा, मजबूत खोकं आणि जुनं ब्लँकेट घ्या, डाळ भिजवा, उकळा, ठेवा, आणि देवासाठी मधे उघडून पाहू नका.

काल तुमचं पत्र वाचून होईतो साडेपाच वाजले. मी चहा टाकला. ह्यांना एक नेऊन दिला, माझा ओतून घेतला. हे आता नोकरीतून मोकळे आहेत, व्हरांड्यात बसतात, सगळ्याकडे पाहतात. स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहून म्हणाले, "आज एक कप जास्त झाला वाटते."

वर्षभर बारकाईनं पाहून ज्यांना कमी झालेला कप दिसला नाही, त्यांना जास्त झालेला दिसला.

"हो," मी म्हटलं. "उरला."

वीस वर्षांत पहिल्यांदाच तो खरोखर उरला होता. मोरी दोन हातांवर होती. मी कप उचलला आणि, जाऊबाई, उभ्या उभ्या प्यायले.